न्हाऊ घालणाऱ्या मावशींना, पाळणाघराकडून

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या आमच्या पाळणाघरात दीड ते चार वर्षांची मुलं असतात. मातीत खेळतात, वरणभात केसांपर्यंत नेतात आणि आंघोळीचं नाव काढलं की भिंतीला चिकटतात. एवढ्या घरांची कामं सांभाळून तुम्ही आलात, आम्हाला मोरीत बसवून सगळं हाताने करून दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमची रीत आणखी आई-आजींपर्यंत पोचावी, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो आहोत.

तुमचं पहिलंच सांगणं लाखमोलाचं. मूल बहुधा ज्याला घाबरतं ते अचानकपणाला: डोक्यावर तांब्या कधी रिकामा होईल, हे त्याला कळत नाही. म्हणून पाव लिटरचा कानवाला मग आधी त्याच्याच हातात द्यायचा. त्याने स्वतः पायांवर ओतायचं, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. पाठ आपण. डोकं सगळ्यात शेवटी, कारण ओल्या डोक्यामुळे थंडी लवकर वाजते आणि मग उरलेली आंघोळ रडण्यात जाते.

घंगाळात आधी गार पाणी, मग गरम, आणि गरम ओतताना मूल बाहेर. गिझरचं 60 अंशांचं पाणी कोवळी कातडी काही सेकंदांत भाजतं. ढवळून कोपर बुडवून बघायचं, कारण आपल्या तळहाताला गरमची सवय झालेली असते. थर्मामीटर असेल तर 37 ते 38 अंश. मूल बसल्यावर पाणी बेंबीपर्यंत पुरे, बुडाशी जुना पंचा अंथरला की ते घसरत नाही.

केस धुण्याची युक्ती तर आम्ही प्रत्येक नव्या पालकाला सांगतो. घडी केलेला कोरडा पंचा मुलाने स्वतः दोन्ही हातांनी कपाळावर दाबून धरायचा. मान वर. मूल वर बघावं म्हणून छताला तुम्ही येवल्याचा पतंग लावायला सांगितलात, पण कागद वाफेने लोंबतो म्हणून आम्ही प्लॅस्टिकचा लावला. शांपू रुपयाच्या नाण्याएवढा, हातावर पाण्यात पातळ करून. धुताना आपला डावा तळहात कपाळावर बांधासारखा आडवा धरायचा आणि पाणी टाळूवरून मागे सोडायचं. मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि ओतायचं ते तीनलाच. घाईत एकदा जरी दोनला ओतलं, तर पुढे मूल आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. रोज केस धुवायची गरज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं.

खेळणी विकत आणावी लागत नाहीत. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या दाभणाने पाच-सहा भोकं पाडली की पाऊस तयार. सोबत चाळणी, नरसाळं आणि एखादी बाहुली, जिला मूलच आंघोळ घालेल. दाबल्यावर चूं वाजणारी रबरी बदकं मात्र नकोत: आत पाणी राहतं आणि काळी बुरशी धरते. आधी खेळ, साबण शेवटी. साबणाच्या पाण्यात बसून राहिलं की कातडी कोरडी पडते, मुलींना लघवीच्या जागी आगही होते. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं.

‘आंघोळ करायची का?’ असं विचारलं की ‘नाही’ ठरलेलंच. त्यापेक्षा ‘लाल मग की निळा?’ हे तुमचं विचारणं आता आमच्या सगळ्या ताईंच्या तोंडी बसलं आहे. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या मुलाला मोरीत न्यायचं नाही, हेही.

निफाडचा पारा 10 अंशांखाली जातो तेव्हा नाशकातही सकाळची आंघोळ नको. दुपारी ऊन असताना, दार लावून, पंचा आधीच हाताशी ठेवून घालायची. गॅस गिझर मात्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. बंद खोलीत त्याचा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो. टिपून झाल्यावर अंग जरा ओलसर असतानाच खोबरेल लावायचं. आंघोळीआधी मालिश करायचीच असेल, तर तळपाय सोडून.

आणि तुम्ही दोनदा बजावलेलं: मूल हाताच्या अंतरावर हवं, फोन वाजला तरी. आंघोळ झाली की बादली पालथी. लहान मुलाचं डोकं जड असतं, वाकून आत पडलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. बुडायला थोडं पाणीही पुरतं.

दिवाळीनंतर दोन नव्या ताई रुजू होणार आहेत. थंडी वाढण्याआधी एक दुपार काढून त्यांना कपाळावरचा हात कसा धरायचा ते दाखवाल का? ते लिहून समजत नाही. येण्याचा दिवस कळवा, पाणी आम्ही तापवून ठेवतो.

तुमच्या,
पाळणाघरातल्या सगळ्या ताई
पंचवटी, नाशिक