काका, तुमच्या त्या प्रश्नासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण एका ओळीत फिटावं असं हे ऋण नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या पाषाणच्या लॅबमध्ये आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेट तुम्ही ओतता. पुण्याच्या पावसाळ्यात त्या लवकर सुकत नाहीत, आणि ओल्या प्लेटवर सूत्रकृमींना नीट सरपटताच येत नाही. तुम्ही प्लेट उजेडाकडे तिरकी धरायचात आणि म्हणायचात, "आज नको गं, उद्या घे." माझ्या प्रयोगांची आकडेवारी तुमच्या या नजरेवर उभी आहे.

पण खरे आभार तुमच्या प्रश्नाचे. तुम्ही कामाबद्दल विचारलंत, म्हणून मी सांगत होते. आमचा सूत्रकृमी, सी. एलेगन्स, जेमतेम १ मिलिमीटरचा. उभयलिंगी कृमीत चेतापेशी अवघ्या ३०२. तरी तो शिकतो. उपाशी ठेवून मग ब्युटॅनोन या रसायनाच्या वासासोबत खायला जिवाणू दिले, की त्या वासाची ओढ वाढते. एकदाच शिकवलं तर दोनेक तासांत विसरतो. मध्ये उसंत देत सात वेळा शिकवलं तर रात्र उलटली तरी लक्षात असतं. अल्झायमरमध्ये माणसाच्या मेंदूत साचणारं अमायलॉइड बीटा हे प्रथिन ज्यांच्या शरीरात तयार होतं, असे कृमीही आहेत. ते शिकवल्यावरही वासाकडे कमी जातात.

तुम्ही लगेच विचारलंत, "विसरला, का दमला?"

आणि मग तुमच्या आईंबद्दल बोललात. हाक मारली तरी त्या जेवायला येईनात, तेव्हा घरात सगळे म्हणाले, विसरल्या. तुम्ही जवळ बसून पाहिलंत, तर गुडघा सुजलेला.

काका, या विषयातला कळीचा प्रश्न तोच आहे. १९९५ मध्ये ख्रिस्तोफर लिंक या संशोधकांनी हे मानवी प्रथिन कृमींच्या स्नायूंत तयार करवलं, तेव्हा ते कृमी लुळे पडत गेले. लुळा कृमी वासापर्यंत पोचला नाही, तर त्यात स्मृतीचा काय दोष? म्हणून न शिकवलेल्या कृमींना वास येतो का, त्यांची चाल शाबूत आहे का, हे आधी तपासायचं आणि मगच आठवणीबद्दल बोलायचं. माझ्या प्रबंधात यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते लिहिताना आई डोळ्यांसमोर होत्या.

पुढच्या महिन्यात माझं सादरीकरण आहे. काकूंना घेऊन या, पुढच्या रांगेत बसा. त्या दिवशी प्लेट ओतायला दुसरं कुणीतरी असेल. मॅडमशी मी बोलून ठेवलंय.

तुमची,
लॅबमधली लेक