झाडांची वही रद्दीत जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की नागपुरातील शाळाशाळांमधून वृक्षदिंड्या निघतात, खड्डे खणले जातात, रोपांसोबत छायाचित्रे काढली जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याच शाळेच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या कडुनिंबाला यंदा मोहोर कधी आला आणि गेल्या वर्षी कधी आला होता, हे शाळेतील कोणालाच सांगता येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मी विज्ञान शिकवत असताना सातवीच्या मुलांकडून आवारातील एका पळसाची नोंदवही लिहून घेत असे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मुले झाडाखाली जाऊन पाहत आणि पाहिलेले लिहीत. जानेवारीअखेरच्या एका नोंदीत एका मुलीने लिहिले होते, ‘पाने थोडी आहेत. कळ्या काळ्या आहेत. खाली पडलेली कळी मखमलीसारखी लागते. फूल एकही नाही.’ नऊ वर्षे ही वही चालली. पुढे माझी बदली झाली आणि काही काळाने त्या शाळेत गेलो तेव्हा कळले, की रंगकामासाठी कपाटे रिकामी करताना ती जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर रद्दीत गेली. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. शाळेच्या कोणत्याच यादीत त्या वहीची नोंद नव्हती, एवढेच.

एका वर्षीच्या बहरावरून फारसे काही कळत नाही. अवकाळी पाऊस, गारपीट किंवा लांबलेली थंडी यांमुळे झाड एखाद्या वर्षी आधी फुलते, एखाद्या वर्षी उशिरा. हे वर्षावर्षाचे मागेपुढे होणे कोणते आणि हवामान खरोखरच बदलत असल्याची खूण कोणती, हे वीस-तीस वर्षांच्या सलग नोंदींशिवाय ओळखता येत नाही. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे वर्षातले दोन बहार सांभाळणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे निराळे सांगायला नको. मात्र त्यांच्याकडेही आठवणी पुष्कळ आणि लिहिलेल्या तारखा थोड्या, अशीच स्थिती असते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील गवताळ कुरणावर १८५६ मध्ये सुरू केलेला प्रयोग आजही चालू आहे आणि अमेरिकेने १९८० पासून दीर्घकालीन परिसंस्था-संशोधनाचे स्वतंत्र जाळे उभारले आहे. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाचा निधी बहुधा तीन-पाच वर्षांत संपतो. शाळा मात्र त्याच जागी राहते आणि तिच्यात दरवर्षी नवे डोळे दाखल होतात.

मुलांच्या नोंदींवर विसंबता येईल का, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. झाड ठरलेले असावे, वार ठरलेला असावा, दोन मुलांनी एकमेकांचे न पाहता लिहावे आणि कळी, फूल, फळ, कोवळे पान यांपुढे ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘भरपूर’ एवढेच नोंदवावे. यातला ‘नाही’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुले काही नवे दिसले तरच लिहितात आणि काही नसले की रकाना कोरा सोडतात. मग फूल नव्हते की पाहायलाच कोणी गेले नव्हते, हे पुढे समजत नाही. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातील शाळकरी मुले आणि नागरिक अशाच साध्या पद्धतीने झाडांच्या नोंदी करत आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तर तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यातून ९४२ जातींचे मूल्यमापन झाले. हे बहुसंख्य निरीक्षक हौशी आहेत.

अडचण खरी आहे ती सुट्टीची. बहावा ऐन उन्हाळ्यात फुलतो, चारोळी आणि तेंदूची फळे पिकतात, तेव्हा वर्ग बंद असतात आणि विदर्भातील शाळा तर जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे वहीतील नेमकी महत्त्वाची पाने कोरी राहणार. इथे नागरिकांनी पुढे यायला हवे. सेमिनरी हिल्सवर किंवा अंबाझरी तलावावर रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी शाळेचे एखादे झाड आठवड्यातून एकदा पाहिले, तर साखळी तुटणार नाही. तलावांच्या पाण्याच्या किंवा जलपर्णीच्या नोंदीही हव्यातच, पण ते काम मोठ्यांनी करावे. मुलांना काठाशी पाठवू नये.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. ते चांगलेच आहेत, पण या कामाला दहा दिवस नव्हे, दर आठवड्याची दहा मिनिटे लागतात. माझी शिक्षण विभागाला विनंती एवढीच, की दाखल-खारीज रजिस्टर जसे शाळेत कायम जपले जाते तसाच दर्जा झाडाच्या नोंदवहीला द्यावा आणि मुख्याध्यापक बदलताना चार्जच्या यादीत तिचे नाव असावे. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने या वह्यांच्या प्रती घ्याव्यात, प्रादेशिक हवामान केंद्राच्या तापमानाशी आणि पावसाशी त्या ताडून पाहाव्यात आणि निघालेला आलेख त्याच मुलांना वर्गात येऊन दाखवावा. आपण लिहिलेल्याचे पुढे काय झाले हे कळले नाही, तर मुले दुसऱ्या वर्षी मन लावून लिहीत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

सध्या मी घरासमोरच्या बहाव्याची वही दर सोमवारी लिहितो. जवळच्या एखाद्या शाळेने ते झाड आपले म्हणून स्वीकारले, तर ती वही पहिल्या पानापासून त्यांच्या स्वाधीन करीन आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील नोंदी मीच करीत जाईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नागपूर