चंद्रावरील ‘समुद्रां’ची नावे मुलांना सांगावीत

महोदय,

चंद्रावरील ज्या काळ्या डागांत आपण ससा पाहतो, ते खरे तर अब्जावधी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्हाचे विस्तीर्ण प्रदेश आहेत. त्यांचा खडक बेसॉल्ट, म्हणजे सोलापूरच्या भुईखाली आहे त्याच जातीचा काळा पाषाण.

इटलीतील खगोलाभ्यासक धर्मगुरू जोव्हान्नी रिच्चोली यांनी १६५१ मध्ये आपले सहकारी ग्रिमाल्दी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या चंद्रनकाशात या मैदानांना लॅटिन नावे दिली आणि त्यांतील बहुतेक आजही अधिकृत आहेत. चंद्राच्या कलांवर हवामान अवलंबून असते, या त्या काळच्या समजुतीची छाप त्या नावांवर दिसते. शुक्ल अष्टमीला उजळणाऱ्या अर्ध्या भागात मारे सेरेनिटाटिस (प्रसन्नतेचा समुद्र), मारे ट्रँक्विलिटाटिस (शांततेचा समुद्र) आणि मारे नेक्टारिस (अमृताचा समुद्र) येतात, तर वद्य अष्टमीच्या भागात मारे इम्ब्रियम (पर्जन्याचा समुद्र), मारे नुबियम (मेघांचा समुद्र) आणि ओशनस प्रोसेलारम (वादळांचा महासागर). तिथे पाण्याचा थेंबही वाहत नाही, तरी पावसाची वाट पाहणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुलांना ही नावे निश्चितच जवळची वाटतील. १९६९ मध्ये अपोलो ११ शांततेच्या समुद्रातच उतरले होते.

पाठ्यपुस्तकांतील चंद्र बहुधा कलांपुरताच राहतो, हे मला खटकते. आपल्या बालपुरवणीत लॅटिन नावे देवनागरीत व मराठी अर्थांसह छापलेला चंद्राचा नकाशा येत्या कोजागरीपूर्वी द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर