पोट पाहू की घड्याळ? : मध्यप्रदेशच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

मी इंदूरची. रामबागेत वाढले, १९८८ साली एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स म्हणून नोकरीला लागले, २००६ साली एलएचव्ही, म्हणजे एएनएमच्या कामावर देखरेख करणारी बाई झाले आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. या तेहतीस वर्षांतली बहुतेक वर्षं पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात गेली. ब्लॉकाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं माझीच आहेत आणि त्यांच्यावर ठपका यावा असं मला वाटत नाही. या पत्राची हिंदी प्रत भोपाळच्या मंत्रालयात, वल्लभ भवनात, आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे, कारण इंदूरच्या मराठी घरांतून नर्सिंगला गेलेल्या माझ्या पिढीच्या बायका हे वाचतील, आणि जे मागणार आहे त्यात त्यांचाही वाटा आहे.

मागणं एकच. गावात काम करणाऱ्या आशाला, एएनएमला आणि आता सीएचओला, म्हणजे उपकेंद्रात नव्यानं आलेल्या आरोग्य अधिकाऱ्याला, शेजारी बसून शिकवणारं माणूस द्या. तपासायला येणारं नाही, शिकवायला येणारं.

म्हणजे काय ते एका दुपारवरून सांगते. २०१४ चा पावसाळा होता. एका फलियात, म्हणजे आदिवासी वस्तीत, आशाबरोबर सात दिवसांच्या बाळाला बघायला गेले. आशा पंचविशीची, आठवी शिकलेली, कामाला चोख. तिची डायरी मी आदल्या दिवशी सेक्टर मीटिंगमध्ये, आसपासच्या उपकेंद्रांच्या बैठकीत, चाळली होती. प्रत्येक बाळाच्या नावापुढे मिनिटाला श्वास ४२. दहा बाळं, दहाही वेळा ४२. मीटिंगमध्ये चारचौघींत मी काही बोलले नाही. झोपडीत बसल्यावर तिला म्हटलं, माझ्यासमोर मोज. तिनं मनगटावरचं घड्याळ वर केलं, बाळाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे, पुन्हा बाळाकडे. मग ओशाळून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मैडम, पेट देखूँ कि घड़ी?"

हा प्रश्न ती कितीतरी महिने मनात घेऊन हिंडत होती. पाच-पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये तिला सांगितलं होतं, की दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. ते तिला तोंडपाठ होतं. पण हॉलमध्ये पन्नास बायका आणि एक कापडी बाहुली. बाहुली श्वास घेत नाही.

मी तिला म्हटलं, दोन्हीकडे बघू नकोस. मोबाईलवर एक मिनिटाचा अलार्म लाव आणि नजर पोटावरून हलवू नकोस. लहान बाळ छातीपेक्षा पोटानं श्वास घेतं, तेव्हा कपडा वर कर. रडत असेल, दूध पीत असेल तर थांब. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच पळतो. साठच्या वर आले तर पुन्हा पूर्ण मिनिट मोजायचं. तिनं मोजले. ७१ आले. दुसऱ्यांदा ६८. मग मी तिचं बोट बाळाच्या बरगड्यांखाली नेलं. श्वास आत घेताना तिथली कातडी खोल जात होती. १०८ ला फोन केला, बाळ जिल्ह्याच्या एसएनसीयूमध्ये, आजारी नवजात बाळांच्या कक्षात गेलं, अकराव्या दिवशी घरी आलं. त्या आशाच्या डायरीत पुन्हा कधी ओळीनं ४२ दिसले नाहीत. दोन वर्षांनी तिनंच शेजारच्या फलियातल्या नव्या आशाला मोबाईलचा अलार्म लावायला शिकवला, हे मला तिसऱ्याच बाईकडून कळलं.

या शिकवण्याला लागला एक तास, आणि माझी तिथे जायची तयारी. मंत्रीमहोदय, हा तास आता कोणाच्याच कामात बसत नाही.

मला तो मिळाला होता. आमच्या वेळी एएनएमचं ट्रेनिंग अठरा महिन्यांचं होतं. ते संपवून एकवीस वर्षांची मी भाड्याच्या एका खोलीतल्या उपकेंद्रात राहायला गेले, तेव्हा आतून कडीसुद्धा धड लागत नव्हती. पहिल्याच महिन्यात आमच्या एलएचव्ही बाई रोडवेजच्या बसनं आल्या आणि दोन रात्री माझ्यापाशी राहिल्या. सकाळी एका गर्भार बाईच्या पोटावर माझे हात ठेवले आणि म्हणाल्या, डोळे मिट. आता सांग, डोकं कुठंय? मी चुकले. पुन्हा हात ठेवायला लावले. तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं. संध्याकाळी एका घरी नुकतंच बाळंतपण झालं होतं. तिथे बेंबीखाली हात ठेवून त्यांनी मला गर्भाशय चोळायला लावलं आणि म्हणाल्या, नारळासारखं टणक लागेपर्यंत हात काढायचा नाही, मऊ लागलं तर समज रक्त आत साठतंय. जाताना सुताराला पकडून दाराला कडी बसवून घेतली. मी त्या गावात टिकले ती त्या दोन रात्रींमुळे. पगार होताच, पण पगारासाठी एकवीस वर्षांची पोर अनोळखी गावात रात्र काढत नाही.

नियमानं साधारण सहा उपकेंद्रांमागे एक एलएचव्ही. मला पदोन्नती मिळाली तेव्हा मी ठरवलं होतं, की आपण आपल्या बाईंसारखं काम करायचं. पहिली काही वर्षं केलंही. मग हळूहळू महिना मीटिंगांमध्ये जाऊ लागला. ब्लॉकची मीटिंग, सेक्टरची मीटिंग, मोहिमेचं मायक्रोप्लॅन, मोहिमेचा अहवाल. जीप होती ती दुसऱ्या कामाला लागली. आशांच्या फॉर्मवर माझी सही लागायची, कारण त्याशिवाय त्यांचे पैसे निघत नसत, आणि पैसे अडले तर बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मी सह्या करत गेले.

त्यातली एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. एका गावात वर्षभर जवळजवळ सगळ्या बाळांचं वजन अडीच किलोच्या वर नोंदलं गेलं. मी प्रत्येक फॉर्मवर सही केली. गावात जाऊन बसायला सवड झाली नाही. पुढे काही कारणानं तिथला झोळीचा काटा मी हातात घेतला, तर रिकाम्या झोळीत काटा शून्याच्या पुढे, तीनशे ग्रॅमवर उभा होता. वरचा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणायचा असतो, हे त्या आशाला कोणी करून दाखवलं नव्हतं. म्हणजे २,२०० ग्रॅमचं बाळ वर्षभर २,५०० चं होतं. अडीच किलोच्या खालच्या बाळाला जास्त उब लागते, जास्त भेटी लागतात, आईला दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायला शिकवावं लागतं. त्यातलं काही झालं नसणार. त्या बाळांचं पुढे काय झालं ते मी शोधायला गेले, काही घरं सापडली, काही मजुरीला गुजरातेत निघून गेली होती. ही चूक आशाची नव्हती, माझी होती. आज ते आकडे पोर्टलवर असते, तर तिथेही सगळं ठीकच दिसलं असतं. काटा शून्यावर आहे का, हे पोर्टलला दिसत नाही. ते वाकून बघावं लागतं.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत आपल्या राज्याचा बालमृत्युदर हजारी ४३ होता, देशाचा २८, केरळचा ६. पहिल्या वर्षात जाणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. त्या दिवसांत त्यांच्या घरी जाणारी बाई म्हणजे आशा. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा भेटी आणि सगळ्या मिळून २५० रुपये.

या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, पुढे २०११ मध्ये देशभर योजना झाली. आपण तिथून भेटी घेतल्या, पिशवी घेतली, फॉर्म घेतला. पण तिथे दर पंधरा दिवसांनी जाणता डॉक्टर गावात येऊन त्या बाईच्या नोंदी आणि तिचे हात बघायचा, ते घ्यायचं राहिलं.

जामखेडचंही तेच. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या, त्या एका ट्रेनिंगनं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, आठवड्यात काय अडलं ते सांगायच्या आणि नवं शिकून परत जायच्या. चौंडी हे गाव त्याच जामखेड तालुक्यातलं, अहिल्यामातोश्रींचं जन्मगाव. त्यांच्या त्रिशताब्दीसाठी मे २०२५ मध्ये आपलं मंत्रिमंडळ आमच्या राजवाड्यात बसलं होतं, तेव्हा मी टीव्हीपुढे बसून मनात म्हणत होते, की देवींच्या माहेरचा हा धडासुद्धा कोणीतरी या बैठकीत आणावा.

आणि छत्तीसगड तर परवापर्यंत आपलंच होतं. तिथे २००२ मध्ये मितानिन, म्हणजे आपल्या आशासारख्याच गावातल्या आरोग्यसेविकांचा, कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून मितानिनींच्या पाठीशी प्रशिक्षक आहेत, त्यातल्या पुष्कळ आधी स्वतः मितानिन होत्या. आपल्याकडे आशा पर्यवेक्षक आहेत, पण मी ज्यांना ओळखते त्यांचे दिवस क्लेम जुळवण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातात.

शासनानं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये आशांचं निश्चित मानधन २,००० वरून ६,००० झालं, त्या दिवशी मला कितीतरी फोन आले आणि मी रडले. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथे सीएचओ आले. बीएससी नर्सिंग झालेली चोवीस वर्षांची मुलगी, पंचवीस वर्षं नोकरी केलेली एएनएम आणि गावची आशा, अशा तिघी एका छपराखाली बसतात. कोणी कोणाचं ऐकायचं यावरून खटके उडतात. सीएचओला ई-संजीवनीवर, म्हणजे ऑनलाइन, डॉक्टर भेटतो, पण गर्भारणीच्या पोटावर हात ठेवून "डोकं कुठंय" असं विचारणारं कोणी स्क्रीनमधून बाहेर येत नाही. तिघींपेक्षा मोठं, तिघींना मान देणारं एक माणूस महिन्यातून दोनदा तिथे येऊन बसलं, तर निम्मे खटके तिथेच मिटतील, असा माझा अनुभव आहे.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, तेव्हा बाहेरचे लोक आमच्या कचऱ्याच्या गाड्या बघायला यायचे. आम्ही राहणारे जाणतो, की पहाटे सफाई मित्राबरोबर, म्हणजे सफाई कामगाराबरोबर, त्याचा दरोगा, म्हणजे मुकादमही गल्लीत उभा असायचा. कागदावर नाही, गल्लीत.

म्हणून विनंती करते. एलएचव्हीच्या रिकाम्या जागा भरा, आणि भरताना तिच्या कामात लिहून द्या, की आठवड्यातले दोन दिवस, लसीकरणाचे मंगळवार आणि शुक्रवार म्हणा हवं तर, ती रजिस्टर न घेता फील्डमध्ये जाईल आणि त्या दोन दिवसांत तिला मीटिंगला बोलवायचं नाही. तिला गाडी नाही तर निदान पेट्रोलचे पैसे द्या. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही खाती आता एक झाली आहेत, तेव्हा मेडिकल कॉलेजच्या बालरोग आणि स्त्रीरोग विभागांतले शिकवणारे महिन्यातून एक दिवस सेक्टरला येऊ शकतात. आमच्या इंदुरात १८७८ पासून डॉक्टर शिकवले जातात. महूपर्यंत यायला त्यांना तासभर लागतो.

आणि भरती होईपर्यंत आम्ही आहोत. रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर भागात राहणाऱ्या आम्ही नऊ निवृत्त एएनएम आणि एलएचव्ही आहोत, सगळ्यात मोठ्या ताई ७१ वर्षांच्या. एबी रोडनं मानपूर, खंडवा रोडनं सिमरोल आणि चोरल, इथवर सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. मानधन नको. बसभाडं आणि विभागाचं एक पत्र पाहिजे, कारण पत्राशिवाय आम्ही कुठल्याही उपकेंद्रात पाऊल ठेवणार नाही, ते तिथल्या एएनएमला बरं वाटणार नाही. सहा महिने एका सेक्टरमध्ये आम्हाला जाऊ द्या. नऊ जणींची नावं, कुठे किती वर्षं नोकरी केली ते आणि फोन नंबर हिंदी प्रतीला जोडले आहेत. इंदूर-उज्जैन-देवास भागातल्या आणखी कोणी भगिनी यायला तयार असतील तर त्यांनी आम्हाला कळवावं.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त एलएचव्ही
रामबाग, इंदूर