साडेनऊच्या गाडीबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

डेपोत तुमचा निरोपसमारंभ झाला तेव्हा आमच्याकडे परीक्षा चालू होत्या, त्यामुळे मला येता आलं नाही. शाल-श्रीफळ तुम्हाला डेपोने दिलं असेलच. मला आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अहवालात व्याख्यात्यांची नावं छापून येतात, देणगीदारांची येतात, जिंकलेल्या संघाचा फोटो येतो. ज्या माणसामुळे मंडपातल्या मागच्या रांगा शेवटपर्यंत भरलेल्या राहिल्या, त्याच्यासाठी त्या अहवालात रकाना नाही.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. तुम्ही आमच्या एसटी स्टँडचे कंट्रोलर, म्हणजे गाड्या वेळेवर सोडणारे. आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गावापासून थोडं लांब, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे. पावसाळा संपून मैदान वाळलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमचे कार्यक्रम असतात. व्याख्यानमाला, नमन हे आमच्याकडचं लोकनाट्य, एकांकिका, आंतरमहाविद्यालयीन कबड्डी आणि खो-खो. पुढे आंब्याची राखण आणि तोड सुरू झाली की कोणाला मान वर करायला फुरसत नसते. प्रत्येक पत्रिकेवर आम्ही छापतो, 'सर्वांसाठी खुला, प्रवेश विनामूल्य'. तरी वर्षानुवर्षं व्हायचं असं, की सहाला कार्यक्रम सुरू होणार, आणि सव्वासातला वक्ता रंगात आलेला असताना मागच्या रांगांतून चपला शोधण्याची गडबड सुरू होणार. पावणेआठला खालच्या गावची वस्तीची गाडी, आठला वरच्या गावची. त्या चुकल्या तर रात्रीची रिक्षा, आणि तिचं भाडं म्हणजे काहींची दिवसाची मजुरी. उरायचे ते गावात राहणारे आणि स्वतःची गाडी असणारे. 'सर्वांसाठी' हा शब्द सव्वासातपर्यंतच खरा असायचा. आणि बायका तर बहुतेक वेळा येतच नसत. परतीचं नक्की नसेल तर घरातून निघणार कशा?

कार्यक्रमाच्या दिवशी आठची गाडी साडेनऊला सोडावी, असा अर्ज घेऊन मी स्टँडवर आले तेव्हा तुम्ही तो आधी वाचला नाहीत. आधी विचारलंत, "मॅडम, आठच्या गाडीला कोण कोण असतं, बघितलंय का कधी?" मग तुम्हीच सांगितलंत. बाजारपेठेतल्या दुकानांत कामाला असलेल्या मुली, मेडिकलमधला पोरगा, डायलिसिस करून परतणारे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. ती गाडी दीड तास पुढे ढकलली तर ही माणसं स्टँडवर उपाशी बसतील, तेव्हा आठच्या गाडीला हात लावायचा नाही, हे तुम्ही पहिल्यांदा पक्कं केलंत. एवढं स्पष्ट आणि एवढ्या मायेने कोणी नाही म्हणताना मी पाहिलं नव्हतं.

मग एका पाठकोऱ्या कागदावर तुम्ही रस्ता काढलात. खालचं गाव, वरचं गाव, मधली घाटी, आमच्या कॉलेजचा फाटा. आठची गाडी वरच्या गावाला जाताना खालच्या गावावरूनच जाते, म्हणजे ती दोन्हीकडची कामाची माणसं घेऊ शकते. मग पावणेआठची मोकळी झाली. कार्यक्रमाच्या शनिवारी ती साडेनऊला सोडायची, फाट्यावर थांबवायची, वरच्या गावापर्यंत नेऊन प्रेक्षक उतरवायचे आणि माघारी खालच्या गावात मुक्कामाला आणायची. नवी गाडी नको, नवा कर्मचारी नको, थोडे किलोमीटर तेवढे जास्त. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. फाट्याच्या जागी तुम्ही पेनाने इतका जोरात टिंब दिलात की कागद तिथे फाटला आहे.

मंजुरी अर्थात आगार व्यवस्थापकांची. पण तिथपर्यंतची वाट तुम्ही आखून दिलीत. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव, आणि सगळ्या हंगामाच्या तारखा ऑक्टोबरमध्येच लेखी. त्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरशी तुम्ही स्वतः बोललात. वस्तीच्या गाडीचा कर्मचारी गावात झोपतो आणि पहाटे उठून पहिली फेरी घेऊन निघतो, त्याची झोप मोडून आमची करमणूक होता कामा नये, हे तुमचं म्हणणं. म्हणून अट घातलीत, "साडेनऊ म्हणजे साडेनऊ. तुमचे पाहुणे बोलत असले तरी गाडी थांबणार नाही."

काका, या अटीने आमच्या कार्यक्रमांचं जेवढं भलं केलं तेवढं आमच्या कुठल्या समितीने केलं नव्हतं. सव्वानऊला संपवायचं म्हटल्यावर सहाला सुरू करणं भाग पडलं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येक पाहुण्याला वेगळा गुच्छ, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, हे सगळं आपोआप आटलं. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम तर सगळ्यांनाच आहे, पण तो पाळताना लोक घड्याळाशी भांडतात. गाडीशी कोणी भांडत नाही. समोर बसलेल्या आजींना घरी जायचं आहे, हे स्टेजवरच्या माणसाला कळतं आणि तो मुद्द्यावर येतो.

त्या गाडीने आलेल्या माणसांबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलं आहे. तुम्ही त्यांना चढता-उतरताना पाहिलंत, मंडपात पाहिलं नाहीत.

मुलींच्या कबड्डीचा सामना होता. आमच्या संघातली डावा कोपरा सांभाळणारी मुलगी खालच्या गावची. तिची आई बाजारात मासे विकते. मुलगी शाळेपासून खेळते, घरी ढाली-पदकं आहेत, पण आईने तिला खेळताना कधी पाहिलेलं नव्हतं, कारण सामने दिवे लागल्यावर आणि गाडी दिवे लागायच्या सुमाराला. त्या शनिवारी बाजार आटोपून ती बाई सरळ मैदानावर आली. रिकामी पाटी खुर्चीखाली सरकवली, पदर खोचला आणि बसली. नियम तिला माहीत नव्हते. शेजारच्या पोरीने सांगितलं, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, चढाईला तीस सेकंद, समोर सहा किंवा सात जणी असल्या तरच बोनस. दुसऱ्या डावात आमच्या तिघीच उरल्या होत्या. समोरची चढाईपटू उंच, तिचा पाय लांब पोचायचा. ती आमच्या कोपऱ्याकडे झुकली, आणि आमच्या मुलीने खाली बसून तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. दोघी घसरत मध्यरेषेपर्यंत गेल्या, तांबडी धूळ उडाली, बाकीच्या दोघी येऊन पडल्या. शिट्टी वाजली तेव्हा ती आई उभी होती. टाळ्या नाही वाजवल्या तिने. शेजारच्या पोरीचं मनगट धरून एवढंच विचारलं, "धरलंन् ना? धरलंन् ना तिने?" तो सामना आम्ही हरलो. पण मायलेकी साडेनऊच्या गाडीने एकत्र घरी गेल्या. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचं घरात जे अडून राहिलं होतं ते त्याच महिन्यात सुटलं. सामन्यामुळेच सुटलं असं मी म्हणणार नाही, पण ती माउली फी भरायला आली तेव्हा कबड्डीबद्दलच बोलत होती.

दुसरी गोष्ट व्याख्यानाची. विषय होता कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचं गोठणं, ही नावं आमच्याकडच्या माणसाला पाहुण्यांच्या गावांसारखी ओळखीची. पडद्यावर कशेळीचा हत्ती आला. सुमारे १८ मीटर लांबीची एकच आकृती, आणि तिच्या पोटात कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेले. मंडप शांत झाला. वक्त्यांनी सांगितलं की ही चित्रं भर दुपारी नीट दिसत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेत सावली पडते तेव्हा उठून दिसतात.

पूर्वीच्या वेळेप्रमाणे हे व्याख्यान इथेच अर्धं रिकामं झालं असतं. त्या दिवशी प्रश्नोत्तरं झाली, आणि वरच्या गावातले एक वयस्क गृहस्थ उठले. म्हणाले, लहानपणी गुरं राखताना आम्ही ज्या कातळावर बसून भाकरी खायचो तिथे अशाच रेघा आहेत, आम्ही त्यांना पांडवांची चित्रं म्हणतो, पहिला पाऊस पडून रेघांत पाणी साचलं की मासा दिसतो. मग त्यांनी विचारलं, शेजारी चिऱ्याची खाण आहे, ती सरकत सरकत इकडे आली तर कोणाला सांगायचं? वक्ते खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसले. ठिकाण कसं नोंदवायचं, फोटो कसा काढायचा, अंतर कसं मोजायचं, हे दोघांचं बोलणं सव्वानऊपर्यंत चाललं होतं. पुढच्या आठवड्यात आमचे विद्यार्थी त्या गृहस्थांबरोबर सड्यावर गेले. व्याख्यानमालेचा उपयोग काय, असं मला अधूनमधून विचारलं जातं. ज्यांच्या पायाखाली तो विषय आहे ती माणसं प्रश्नोत्तरांपर्यंत मंडपात बसली, हा उपयोग. आणि ती बसली तुमच्यामुळे.

नमनाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे, कारण मृदंग आणि सोंगांच्या पेट्या गाडीत कुठे ठेवायच्या हे तुम्हीच कंडक्टरला समजावलं होतंत. शिमग्यात रात्रभर रंगणारं नमन तीन तासांत बसवायला मंडळ आधी नाखूश होतं. पण गण, गवळण, संकासूर आणि वगाचा एक तुकडा असं त्यांनी नेटकं बसवलं, आणि कॉलेजच्या मुलांनी पहिल्यांदाच आपल्याच गावच्या माणसांना पाहुणे कलाकार म्हणून पाहिलं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. सवलती चांगल्याच आहेत. पण गाडीच नसेल त्या वेळेला सवलत कुठे वापरणार? आमच्या मंडपातल्या आजींना ती सवलत खऱ्या अर्थाने मिळाली ती साडेनऊला, फाट्यावर.

तुम्ही दर कार्यक्रमाच्या शनिवारी नऊला मला फोन करायचात. "मॅडम, गाडी लागलीय. किती जण?" मी आकडा सांगायचे. तुमची ड्युटी तोवर संपलेली असायची, हे मला फार उशिरा, तुमच्या सहकाऱ्यांकडून कळलं. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत तुम्ही थांबायचात आणि मग स्वतःच्या गावाला स्कूटरवरून जायचात. इतक्या हंगामांत तुम्ही आमचा एकही कार्यक्रम पाहिला नाहीत.

या हंगामाचा अर्ज नवीन कंट्रोलर साहेबांकडे दिला आहे. त्यांनी तुमची पद्धत तशीच चालू ठेवायचं कबूल केलं आहे, तारखाही लेखी घेतल्या आहेत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मुलींची कबड्डी आहे, तिसऱ्या शनिवारी नमन. दोन्हीला तुम्ही आणि काकूंनी यायचं आहे. पुढच्या रांगेत बसायचं, सत्कार वगैरे काही करणार नाही, तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे. तुमचं गाव दुसऱ्या रस्त्याला, तिकडे साडेनऊची गाडी नाही, आणि रात्री त्या वळणांवरून स्कूटर नको. तेव्हा मुक्काम आमच्याकडे. घरी सांगून ठेवलं आहे. काकूंना तांदळाची भाकरी चालते ना, तेवढं फोनवर कळवा.

आपली कृतज्ञ,
सांस्कृतिक विभागातली तुमची 'मॅडम'