पाठ फिरवणाऱ्या मुलास

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर संकोचाने तू हे पत्र अर्ध्यावरच मिटलं असतंस, एवढं मी तुला ओळखते. वाचशील तेव्हा तुझं तुला कळेलच. चार वेळा खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेला दुसरा कोणी माझ्या पाहण्यात नाही.

२००८ साल होतं. लेक दूरदेशी गेलेली. तिचे फोटो फ्लिकरवर, बोलणं फेसबुकवर. पुतण्या गाण्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा, भावाला ट्विटरचा नाद लागलेला. माझी माणसं अशी चार दारांआड विखुरलेली आणि मी रोज रात्री एकेक दार ठोठावत फिरायची. एक उघडलं की दुसऱ्याचा पासवर्ड आठवायचा नाही. तीन ठिकाणी डोकावून दमून झोपावं, तर नेमकं चौथ्या ठिकाणी लेकीने काहीतरी लिहिलेलं असायचं. दोन दिवसांनी ते दिसलं की जीव कळवळायचा. तिला वाटत असेल, आईने वाचूनही उत्तर दिलं नाही.

मदत मी मागितली नव्हती असं नाही. नात्यातल्या एका हुशार मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला नाही जमायचं हे, कशाला डोकं शिणवता?" दुसऱ्याने येतो येतो म्हणून महिना घालवला. शेवटी पैसे देऊन एका माणसाला बोलावलं. आल्या आल्या त्याने सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून मागितले. मी दिले. जाणकार माणूस मागतोय म्हणजे तशीच रीत असेल, असं मला वाटलं. त्याने फेसबुक उघडलं आणि समोर लेकीचा संदेश आला. आदल्या रात्री आलेला. मीही तो अजून वाचला नव्हता. घरात पाहुणे बसले होते. त्या माणसाने तो मोठ्याने वाचला. "आई, मला इथे झोप लागत नाही. कोणाला सांगू नकोस." एवढंच होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मुलगी का तुमची? बरं नाही वाटतं तिला."

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. मी काहीच बोलले नाही, त्याचे पैसे दिले आणि दार लावलं. आज इतकी वर्षं झाली तरी त्याचा तो आवाज आठवला की अंगावर काटा येतो. माझ्या लेकीने फक्त माझ्या कानात सांगितलेली गोष्ट एका परक्या माणसाने बाजारभाव वाचावेत तशी वाचून दाखवली, आणि आपण काही वावगं केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही.

तू आलास तो माझ्या मुलाचं सामान पोचवायला, दहा मिनिटांसाठी. त्या दिवशी मी हिय्या करून पुन्हा बसले होते आणि पडद्यावर खिडक्यांची नुसती गर्दी झाली होती. तू उभ्या उभ्या पाहिलंस आणि विचारलंस, "काकू, तुमची सगळी माणसं एकाच जागी दिसली तर?" मग फ्लॉकचं नाव काढलंस. फ्लॉक म्हणजे थवा, हेही तूच सांगितलंस. मला त्या शब्दानेच बरं वाटलं. फ्लॉक म्हणजे इंटरनेटची पानं उघडणारा ब्राउझर, फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरच्या पायावर उभारलेला, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आलेली. बाकीचे ब्राउझर पानं दाखवतात, हा माणसं दाखवतो, असं तू म्हणालास.

तो कसा उतरवला, कुठे काय दाबलं, ते मला आठवत नाही. पुढचं मात्र सगळं आठवतं.

फ्लॉकला आपली खाती सांगावी लागायची. एकेका साइटवर आत शिरलं की तो विचारायचा, हे खातं लक्षात ठेवू का? म्हणजे चार साइट आणि चार पासवर्ड. मी सवयीने वही उघडली आणि तुझ्यापुढे सरकवली. तू ती घेतली नाहीस. पान उघडं होतं. त्याच्याकडे न पाहता तू तळहाताने वही पालथी केलीस, माझ्याकडे ढकललीस, आणि खुर्चीसकट वळून भिंतीकडे तोंड करून बसलास. "तुम्ही टाका. झालं की सांगा," म्हणालास.

मी टाइप करायला लागले. बोटं थरथरत होती. फ्लिकरला तेव्हा याहूचा पासवर्ड लागायचा, तो माझा तीनदा चुकला. इतका वेळ तू तिकडेच बघत होतास. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. रंगाचा पोपडा निघालेला एक कोपरा होता, बस्स. एकदा खुर्ची करकरली आणि मला वाटलं, हा आता वळणार, कंटाळला असेल. तू वळला नाहीस. नुसतं म्हणालास, "सावकाश, काकू. मला घाई नाही." चारही वेळा तसंच. आणि चारही वेळा "झालं" म्हटल्यावरसुद्धा आधी "वळू का?" असं विचारून मगच वळलास.

माझ्या बाबतीत आधी काय झालं ते तुला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. तरी तू वळलास, हे मला अजून गहिवरून टाकतं.

आपल्या भाषेत पाठ फिरवणं वाईट. गरज होती तेव्हा पाठ फिरवली, असं आपण म्हणतो, आणि माझ्याकडे त्या अर्थाने पाठ फिरवणारे कमी नव्हते. पण समोरच्याची लाज राखायला फिरवलेली पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मदत करणारा माणूस घरात येतो तेव्हा त्याला आपोआप एक अधिकार मिळतो. त्याला येतं, आपल्याला येत नाही. त्या अधिकाराचा उंबरठा कुठे आहे हे ज्याला न सांगता कळतं, त्याला मी सभ्य माणूस म्हणते. औषध देताना खोलीचं दार लोटून घेणारी परिचारिका, दुसऱ्याचं पत्र हाती आलं तर पत्ता वाचून तसंच पोचवणारा शेजारी, ही त्याच जातीची माणसं. त्यांची नावं कुठे लागत नाहीत, पण त्यांच्या जिवावरच आपण परक्यांना दार उघडतो.

आणि या ब्राउझरच्या बाबतीत तर ते फारच खरं होतं. सगळी दारं एका जागी आणायची म्हणजे सगळ्या किल्ल्याही एका जागी. तो बसवून देणाऱ्याने मनात आणलं असतं तर माझं अख्खं घर त्याच्या हातात होतं. उठता उठता तू मास्टर पासवर्डबद्दल सांगितलंस, साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप. आणि तो मी ठरवत असताना तू खोलीबाहेर जाऊन उभा राहिलास.

त्यानंतरची रात्र सांगते. डावीकडच्या पट्टीत माझी माणसं नावांनिशी एकाखाली एक, आणि कोणी काय नवीन लिहिलं ते तिथेच. वरच्या बाजूला फोटोंची आडवी पट्टी, मीडिया बार म्हणायचे तिला. लेकीने टाकलेले फोटो त्या पट्टीत रांगेने आले. तिची खिडकी, तिने कुंडीत लावलेलं रोप, रोपाला फुटलेलं पहिलं पान. मी पट्टी पुढे सरकवत राहिले. मग तू दाखवलं होतंस तसं एक फोटो माउसने उचलला आणि डावीकडे तिच्या नावावर नेऊन सोडला. घराच्या अंगणाचा जुना फोटो होता. पाच मिनिटांत उत्तर आलं, "आई, हे तू पाठवलंस? स्वतः?" त्या रात्री ती बराच वेळ बोलली. झोप का लागत नाही तेही बोलली. मी एकटीने वाचलं, मनातल्या मनात.

तीन वर्षं तो थवा माझ्या पडद्यावर होता. २०११च्या जानेवारीत झिंगा या खेळ बनवणाऱ्या कंपनीने फ्लॉकची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी २६ एप्रिलला त्या ब्राउझरची देखभाल बंद झाली. रॉकमेल्ट म्हणून तसाच दुसरा निघाला होता, तोही फार टिकला नाही. २०१३मध्ये तो ब्राउझर बंद झाला आणि त्याच वर्षी याहूने ती कंपनी घेतली. मला फ्लॉकचं फार वाईट वाटलं. माणसांना मध्यभागी ठेवणारी कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. आता फोनवर पुन्हा प्रत्येकासाठी वेगळं दार आहे आणि मी पुन्हा ठोठावत फिरते.

फ्लॉक बंद होणार कळलं तेव्हा मी घाबरून तुला फोन केला होता. साठवलेले साइटचे पत्ते फाइलमध्ये कसे काढून ठेवायचे ते तू फोनवर समजावलंस. मध्येच कुठेतरी पासवर्ड विचारला गेला आणि मी तुला तो वाचून दाखवायला लागले. पहिलं अक्षर उच्चारलं तोच तू म्हणालास, "काकू, थांबा. मला सांगू नका. तुम्ही टाका, मी थांबतो." समोर भिंत नव्हती, खुर्ची नव्हती, तरी तू तिकडे वळलास ते मला इथे कळलं.

इतक्या वर्षांनी आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. लेक आली आहे. परवा रात्री तिला तो मोठ्याने वाचलेला संदेश सांगितला. इतके दिवस सांगितला नव्हता. तिला लाज वाटेल, मला नीट जपता आलं नाही असं तिला वाटेल, ही भीती होती. ती गप्प ऐकत होती. मग मी तुझी गोष्ट सांगितली. पालथी केलेली वही, भिंत, "वळू का?" सगळं. तिने विचारलं, "त्याला तू कधी सांगितलंस हे?" मी म्हटलं, नाही. सामान देऊन जाताना नुसतं "बरं झालं आलास" म्हणाले होते.

ती म्हणाली, "मग लिही त्याला. माझंही नाव घाल."

म्हणून हे पत्र आम्हा दोघींचं.

तुझी,
काकू, आणि तिची लेक