हमिंगबर्डला लाल पाणी नको

संपादक साहेब, न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय, एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड, म्हणजे फुलातला रस पिणारे ते इवलेसे पक्षी, यायला लागतात आणि मग लोक त्यांना पाजायला दुकानातून लाल रंगाचं तयार साखरपाणी आणतात, ते प्लीज नका आणू. एक कप साधी पांढरी साखर, चार कप पाणी, बस्स, गूळ नको आणि मध तर अजिबात नको, बुरशी लवकर धरते. उन्हाळ्यात दोन दिवसांनी फीडर, म्हणजे हे पाणी ठेवायचं भांडं, धुवायचाच. जेमतेम तीन ग्रॅमचा जीव हो तो, आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात पार करतात! जागा असेल तर बी बाम, कार्डिनल फ्लॉवर अशी लाल फुलांची झाडं लावा, लाल फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबून चोच आत घालतो तेव्हा बघतच राहावंसं वाटतं. आणि कीटकनाशक फवारू नका, मादी पिल्लांना बारीक किडेही भरवते.

– एक वाचक, न्यू जर्सी